लाँग बीच ते बॉन

बेंट लार्सन हा साधासुधा बुद्धिबळपटू नव्हता. १९७०मध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध शेष विश्वाने त्याला पहिल्या पटावर बसवले होते, खुद्द भावी विश्वविजेत्या फिशरला दुसऱ्या. असा ग्रँडमास्टर १९८८मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या स्पर्धेत ‘डीप थॉट’ या संगणकाकडून हरला. कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांनी घडवलेले हे यंत्र टोनी माइल्ससह अव्वल आले. बक्षीस मात्र एकट्या माइल्सला. यंत्राला खिसा कुठला! ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउनने त्याच स्पर्धेत या यंत्राला हरवलेही होते.

१९९६मध्ये विश्वविजेत्या कास्पारोव्हने ‘डीप ब्लू’ या संगणकाला ४-२ नमवले, पुढच्याच वर्षी तो त्याच्याकडूनच हरला. २००५मध्ये ‘हायड्रा’ या संगणकाने ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्सला सहा डावांत जेमतेम अर्धा गुण मिळू दिला.

२००६मध्ये जर्मनीतल्या बॉनला विश्वविजेत्या क्रामनिकला ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकीय प्रोग्रामची एका खेळीतली मात दिसलीच नाही. सहापैकी एकही डाव त्याला जिंकता आला नाही.