'निदान : अज्ञात' – कावासाकींची नोंद आणि २०२० ची मुले

जानेवारी १९६१. टोकियोतील रेड क्रॉसच्या रुग्णालयात सव्वाचार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. ताप हटत नव्हता. डोळे लाल, पण त्यांत चिपडे नाहीत. ओठ फुटलेले, अंगावर पुरळ, मानेत गाठ. पुढे बोटांच्या टोकांची कातडी सोलून निघाली आणि मुलगा बरा होऊन घरी गेला. बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी निदानाच्या रकान्यात लिहिले : अज्ञात.

हा धागा त्या एका शब्दाचा, आणि ५९ वर्षांनी पुन्हा उभ्या राहिलेल्या त्याच पेचाचा आहे.

त्या रकान्यात 'स्कार्लेट फीवर' लिहिणे सोपे होते. पुरळ, लाल जीभ, सुटणारी कातडी ही लक्षणे तिथेही असतात. परंतु स्कार्लेट फीवर जिवाणूमुळे होतो आणि पेनिसिलिनला दाद देतो. हा आजार प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. वर्षभराने तसाच दुसरा रुग्ण आला, मग आणखी. १९६२ मध्ये कावासाकींनी सात मुलांची हकीकत वैद्यकीय सभेत मांडली. हा जुन्याच आजाराचा निराळा अवतार असावा, असे अनेक सहकाऱ्यांचे मत पडले. १९६७ मध्ये त्यांनी पन्नास मुलांवरील जपानी निबंध प्रसिद्ध केला.

त्या निबंधात कावासाकीही एका बाबतीत चुकले होते. आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही, अशी त्यांची समजूत होती. १९७० च्या देशव्यापी पाहणीने ती मोडली. बरी झालेली वाटणारी काही मुले अचानक दगावली होती. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुग्यासारख्या फुगलेल्या आणि त्यांत गुठळ्या अडकलेल्या आढळल्या. १९७४ मध्ये इंग्रजी निबंध आला आणि आजाराला कावासाकींचे नाव चिकटले. त्याच दशकात हवाई बेटांवरील डॉक्टरांनाही तो स्वतंत्रपणे दिसला होता.

उपचार सापडायला आणखी दहा वर्षे लागली. शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास धमन्या वाचतात, हे १९८४ मध्ये जपानी आणि १९८६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी दाखवले. उपचाराविना सुमारे चारांपैकी एका मुलाच्या धमन्यांना इजा होते. वेळेवर, म्हणजे शक्यतो पहिल्या दहा दिवसांत, उपचार झाल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येते. मात्र निदानाची खात्री देणारी एकही रक्तचाचणी नाही. पाच दिवसांचा ताप आणि पाचांपैकी चार लक्षणे, एवढ्यावरच सारी भिस्त.

आता २०२०. इटलीतील बेर्गामो शहर करोनाने होरपळत होते आणि मुलांना हा विषाणू फारसा छळत नाही, असे जगभर सांगितले जात होते. तेथील रुग्णालयात १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल या काळात कावासाकीसारखी लक्षणे असलेली दहा मुले आली. डॉक्टरांनी जुनी दप्तरे काढली : आधीच्या पाच वर्षांत मिळून असे रुग्ण होते एकोणीस! आधीच्या मुलांचे सरासरी वय तीन, या दहांचे साडेसात. आधीच्या एकोणिसांपैकी दोघांच्या हृदयाला त्रास झाला होता, या दहांपैकी सहा जणांच्या. (दप्तराचे मोल आम्हा इतिहासवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही, पण इथे ते दोन महिन्यांत सिद्ध झाले.)

त्याच एप्रिलमध्ये लंडनच्या अतिदक्षता विभागांत दहा दिवसांत आठ मुले आली. तीव्र ताप, पोटदुखी, जुलाब आणि कोसळणारा रक्तदाब. त्यांतला चौदा वर्षांचा एक मुलगा गेला. सुरुवातीच्या तपासणीत आठांपैकी एकाच्याही श्वसनमार्गात करोना सापडला नव्हता. माग लागला तो प्रतिपिंडांतून : बेर्गामोच्या दहांपैकी आठ मुलांच्या रक्तात ती होती. संसर्ग होऊन गेला होता आणि काही आठवड्यांनी शरीराचीच संरक्षक यंत्रणा बेभान झाली होती.

हा कावासाकीच म्हणावा का? काही मुले कावासाकीच्या सर्व कसोट्यांत बसत होती. पण कावासाकीत दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट वाढतात, इथे त्या बहुधा घटत. कावासाकीत भीती मुख्यतः धमन्यांची, इथे हृदयाचा स्नायूच मलूल पडे. कावासाकी जपानी वंशाच्या मुलांत सर्वाधिक. लंडनच्या आठांपैकी सहा आफ्रो-कॅरिबियन वंशाची होती आणि खुद्द जपानात हा नवा आजार विरळाच राहिला. माझ्या मते हा शेवटचा पुरावा सर्वांत बोलका आहे.

मे महिन्यात ब्रिटिश डॉक्टरांनी दिलेल्या नावात 'करोनाशी काळाच्या दृष्टीने निगडित' एवढेच म्हटले होते, 'करोनामुळे' नव्हे. पुढे जगभर 'एमआयएस-सी' हे नाव रूढ झाले.

या दोहोंत गल्लत झाली तरी मोठा घात होत नसे, कारण इम्युनोग्लोब्युलिन दोन्हींत देतात. खरा धोका आपल्याकडे होता. २०२० च्या पावसाळ्यात मुंबईच्या डॉक्टरांसमोर हा आजार आला तो डेंग्यूच्या हंगामात. ताप, पुरळ, पोटदुखी, घटलेल्या प्लेटलेट, शॉक : सारे सारखेच. पण डेंग्यूच्या शॉकमध्ये रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, म्हणून सलाइन हाच आधार. एमआयएस-सीत हृदय दुबळे झालेले असेल, तर तेच जास्तीचे सलाइन त्याला पेलवत नाही.

५ जून २०२० रोजी, ही सारी चर्चा ऐन भरात असताना, डॉ. कावासाकी वारले. वय ९५. एमआयएस-सीमागे कोणता विषाणू आहे, हे काही आठवड्यांत उमगले होते. कावासाकींच्या आजाराचे कारण मात्र अद्याप अज्ञात आहे.