हरलेल्यांचा इतिहास



माझे मूत्रपिंड बदलल्यापासून नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, "जुनी दोन्ही काढून टाकली का?" नाही हो. ती बहुतेक वेळा जागच्या जागीच राहू देतात आणि नवे ओटीपोटात एका बाजूला बसवतात. म्हणजे सध्या माझ्याकडे तीन आहेत, कामाचे एक!

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा या तिसऱ्याचाही वाचायला घेतला. लढाया शिकवताना आम्ही जिंकणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहीत असू. हा इतिहास मात्र हरलेल्यांनी घडवलेला निघाला.

१९३३ साली खेरसॉन येथे (आजचे युक्रेन) युरी वोरोनॉय यांनी मृत माणसाचे मूत्रपिंड एका तरुण स्त्रीला मांडीत जोडले. ती दोन दिवसांत गेली. असे का होते, हे दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर परक्या त्वचेचे तुकडे लावताना पीटर मेडावार यांना उमगले. त्याच माणसाची त्वचा दुसऱ्यांदा लावली की शरीर ती आणखी लवकर झिडकारते. म्हणजे शरीर परक्याला ओळखते आणि लक्षातही ठेवते.

मग परके नसेलच तर? २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवले. रिचर्ड आठ वर्षे जगला, लग्न केले, दोन मुली झाल्या. पण जुळा भाऊ किती जणांना असतो?

बाकीच्यांसाठी औषधे शोधावी लागली. मी सकाळी नऊ आणि रात्री नऊला घेते ती टॅक्रोलिमसची गोळी १९८४ साली जपानमधल्या सुकुबाच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूची देणगी. शेवटी माती होते म्हणतात. मला मात्र मातीनेच थांबवून धरले आहे.

आपली मुंबईही यात मागे नव्हती. फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदयरोपणानंतर अडीच महिन्यांतच, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्याच्या घरच्यांनी त्या रात्री काय सोसले असेल, हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

१९९४ च्या कायद्याने भारतात मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. हृदय धडधडत असताना "आता आमचा माणूस नाही" हे मान्य करणे किती कठीण! कुणा एका अनोळखी घराने ते केले, म्हणून मी हे टंकते आहे. त्यांचे नाव मला सांगितलेले नाही. आभार मानायचे तर पत्ता नाही. कुणाचे मरण आपल्याला लाभले, ही बोच जात नाही. पण वाचता वाचता एवढे कळले, की त्यांच्याकडे मरण आधीच आले होते. त्यांनी मला दिला तो होकार.

म्हणून आप्तांना एकच सांगणे. अवयवदानाचे कार्ड भरले तरी ऐनवेळी विचारतात ते घरच्यांनाच. तेव्हा आपली इच्छा जेवताना, गप्पा मारताना घरात बोलून ठेवा. अभद्र काही नाही त्यात.

असो. नऊ वाजत आले, गोळीची वेळ झाली.