परमुलखी पेढ्या आणि गावचा कागद

कोल्हार हे प्रवरेकाठचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. प्रवरा पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि 1948 पर्यंत गोदावरीपलीकडे निजामाचा मुलूख सुरू होई. बाहेरून आलेल्या व्यापाराने या टापूतील पैशाची व कागदाची कामे कशी बदलली, ते या लेखात पाहायचे आहे.

मारवाडी आणि गुजराती पेढ्या इंग्रजी अमलात नगर जिल्ह्यात पसरल्या. मुंबईवर हुंडी लिहिणे, आडतीवर माल घेणे, पिकावर उचल देणे ही कामे त्यांनी हाती घेतली. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले. भाव उतरले तेव्हा मात्र कर्ज तेवढे मागे राहिले. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर बाजार आणखी जवळ आला.

पण मला व्यापारापेक्षा कायद्याचा परिणाम अधिक खोल वाटतो. 1859 च्या मुदत कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या रक्षणाचा, घडले उलटे. मुदत संपण्याआधी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. दर नव्या रोख्यामागे लिहिणारा आला, साक्षीदार आले, पुढे दावा आला आणि वकील आला. गावात नवे धंदे उभे राहिले, पण त्यांचा खर्च निरक्षर कुळाच्या खात्यावर पडला.

12 मे 1875 रोजी सुपे येथे दंगा पेटला. तो नगर जिल्ह्यात श्रीगोंदे, पारनेरकडेही पसरला. दंगेखोरांचा रोख रोखे आणि हुकूमनामे जाळण्यावर होता. आपण कशात अडकलो आहोत, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

1879 च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत त्या कागदालाच हात घातला. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर व्हावा, न्यायालयाने रोख्यामागचा सारा हिशेब तपासावा, तडजोडीसाठी पंच असावेत आणि शंभर रुपयांपर्यंतच्या अशा दाव्यांत वकील नसावा, अशी ही व्यवस्था होती.

सरहद्दीने आणखी एक धंदा दिला: नाणी बदलण्याचा. अलीकडे कलदार, पलीकडे हाली. हैदराबाद स्टेट बँक 1941 च्या कायद्याने आली. पुढे स्थिरावलेल्या दराने 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली पडत. म्हणजे सात हालींचे सहा कलदार. समजा, पलीकडे बैल विकून शेतकऱ्याला 70 हाली मिळाले, तर इकडे त्याचे 60 कलदार व्हायला हवेत. सराफाने 58 दिले, तर दोन रुपये वटावात गेले. ज्याला हा त्रैराशिकाचा हिशेब येत नसे, त्याचे नुकसान ठरलेले.

1923 मध्ये कोल्हारशेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी पतपेढी काढली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. कर्ज देणारा गावातलाच झाला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खातेवही गावाला पाहता येऊ लागली. प्रवरेचा साखर कारखाना धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिला आणि 1950-51 मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. त्याआधी हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना मुंबईच्या भांडवलावर चालला होता. प्रवरेला भाग भांडवल ऊस पिकवणाऱ्यांनी दिले, म्हणून हिशेबनीस, बँक आणि लेखापरीक्षक यांची कामेही याच परिसरात रुजली.

बाहेरच्या भांडवलाने गावाला बुडवले असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. हुंडी, आडत, बाजार त्यानेच आणले. मात्र कागद वाचण्याची आणि हिशेब मागण्याची सोय जिथे मागे राहिली, तिथे त्याचा लाभ मध्यस्थांनाच झाला. आज अनेक राज्यांत पसरलेल्या पतसंस्थांत ठेव ठेवणाऱ्या या टापूतील माणसानेही व्याजदराआधी ताळेबंद मागावा, असे हा इतिहास सुचवतो.