स्टॅकची कुळी

पांढुर्ण्याहून निघालेला संत्र्याचा ट्रक नागपूरला थोडा माल टाकून पुढे हैदराबादला जायचा असला, की हैदराबादचे क्रेट आधी चढतात, नागपूरचे शेवटी. शेवटी चढलेला आधी उतरतो, हे हमालाला कुणी शिकवत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या पोरांना मात्र संगणकाच्या वर्गात हेच 'स्टॅक' म्हणून घोकावं लागतं. वर ठेवलं की पुश, वरून काढलं की पॉप. ही चीज आली कुठून, ते परीक्षेला नसतं, म्हणून सांगितलंही जात नाही.

कुळी शोधू गेलं तर मूळपुरुष एक सापडत नाही. पहिला मान ॲलन ट्युरिंग यांचा. 1945 च्या अखेरीस त्यांनी इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी एका यंत्राचा आराखडा लिहिला. मोठं काम चालू असताना मध्येच छोटं काम उरकून यायचं, तर परतायचं कुठे हे यंत्राच्या ध्यानात राहायला हवं. छोट्यातून आणखी छोटं निघालं की परतीचे पत्ते एकावर एक साचतात. पत्ता ठेवण्याला ट्युरिंग यांनी पुरणं म्हटलं आणि काढण्याला उकरणं.

दुसरी शाखा कंसांच्या कटकटीतून फुटली. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनी 1920 च्या दशकात कंसांशिवाय सूत्र लिहायची रीत काढली. ती उलटी केली की चिन्ह आकड्यांच्या मागून येतं. एका बागेतले 12 क्रेट, दुसऱ्यातले 8, क्रेटमागे 18 किलो, तर मांडायचं असं: 12 8 + 18 ×. आधी 12 ठेवा, त्यावर 8. अधिक दिसलं की दोन्ही उचलून 20 ठेवा, वर 18. गुणिले दिसलं की पुन्हा दोन्ही उचला. 360 किलो. यंत्राला मागे वळून पाहावंच लागत नाही, सगळी गंमत तिथे आहे.

म्युनिकच्या फ्रिडरिश बावर आणि क्लाउस सॅमेलसन यांनी 1957 मध्ये या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते तिला तळघर म्हणत. त्याच सुमारास तिकडे सिडनीत चार्ल्स हॅम्ब्लिन आपल्या वाटेने तिथेच पोचले, आणि हे गृहस्थ तत्त्वज्ञान शिकवणारे! आपण लिहितो तसं कंसांचं सूत्र या उलट्या रीतीत आणायची पद्धत 1961 मध्ये नेदरलँड्सच्या डायक्स्ट्रा यांनी मांडली. तिला नाव पडलं रेल्वेच्या शंटिंग यार्डाचं. आमल्याला शंटिंग पाहिलेल्याला ती लगेच कळेल: आकडे सरळ पुढे जातात, चिन्हं बाजूच्या रुळावर थांबतात, आणि तिथे शेवटी शिरलेलं चिन्ह आधी बाहेर पडतं.

1988 मध्ये स्टॅकसाठी मोठा सन्मान जाहीर झाला तो एकट्या बावर यांना. सॅमेलसन 1980 मध्ये वारले होते, हॅम्ब्लिन 1985 मध्ये. ट्युरिंग तर 1954 मध्येच गेले.