डेकवरची पथारी

1950 सालचा मे महिना. सकाळचे नऊ वाजले आहेत. भाऊच्या धक्क्यावर तुम्ही उभे आहात, काखेत वळकटी, हातात पत्र्याची ट्रंक, खिशात मालवणचं डेकचं तिकीट. मोबाइल, चार्जर, पाण्याची प्लॅस्टिकची बाटली असं सगळं तुमच्याच शतकात राहिलं आहे. इथे प्रवासाला निघायचं तर फिरकीचा तांब्या लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. असू दे. दुपारपर्यंत कुणीतरी आपला तांब्या तुमच्यापुढे करेल.

आगबोट धक्क्याला लागते. शिडी टेकायचा अवकाश, आख्खा जमाव वर धावतो. डेकवर नंबर नाहीत. ज्याची चादर आधी पसरली त्याची जागा. तुम्ही भांबावून कठड्याशी उभे राहता, तेवढ्यात एक बाई आपल्या पथारीची कड दुमडते आणि म्हणते, ‘‘हयसर बसा. जागा आसा.’’ जागा नव्हती, तिने ती केली. तुम्ही टेकता न टेकता तोच पहिला प्रश्न येतो, ‘‘तुमचो गाव खंयचो?’’

पुढच्या वीस तासांत हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायचा आहे. गाव सांगा. गावाहून वाडी, वाडीहून घराणं, घराण्याहून कुणाची तरी दिलेली मुलगी, असं करत समोरचा माणूस तुमच्याशी नातं जुळवत जाईल आणि ते जुळलं की समाधानाने पानाला चुना लावेल. या विचारपुशीला एक बोचरी कडही आहे, ती लपवू नये. आडनाव विचारताना जात ताडली जाते आणि ती ताडल्यावर काही पथाऱ्या थोड्या सरकतात. अस्पृश्यता नाहीशी करणारी राज्यघटना लागू होऊन जेमतेम चार महिने झाले आहेत. डेकच्या एका टोकाला बसलेलं एक कुटुंब स्वतःचा तांब्या स्वतःजवळ ठेवून गप्प आहे. तेही याच तिकिटावर, याच सुट्टीला, याच किनाऱ्यावर निघालं आहे.

भोंगा होतो, धक्का मागे सरतो. आता नीट बघा भोवती. निम्म्याहून जास्त पुरुष गिरणगावातले आहेत, परळ-लालबागच्या चाळींतले. एकेका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं राहतात, पाळी बदलली की झोपायची जागाही बदलते. दोन वेळचं जेवण खानावळीत. बायको, पोरं, म्हातारी आई मात्र रत्नागिरी जिल्ह्यात. बोचकी चाचपून बघितली तर चहापूड, साबण, छत्री, लुगडं, धाकट्यासाठी रबरी चेंडू आणि कुठल्याशा कोपऱ्यात रेशनमधून वाचवलेली साखर सापडेल. रस्त्याने जायचं म्हटलं तर घाट आहेत आणि खाडीखाडीवर होडीसाठी खोळंबा आहे. कोकण रेल्वेची पूर्ण वाट सुरू व्हायला 1998 उजाडावं लागणार. समुद्र हाच यांचा हमरस्ता. तोही पावसाळ्यात बंद होतो, म्हणून मे महिन्यात बोट अशी तुडुंब भरते.

बंदराबाहेर पडताना गप्पा आपोआप मंदावतात. कारण कुणी सांगत नाही, पण तुम्हाला ते माहीत आहे. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. कोळ्यांनी मचवे घालून जी हाती लागली ती माणसं वाचवली. त्याला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. शेजारची बाई पदरातून नारळ काढते, कठड्याशी जाते आणि समुद्राला देते. मग परत येऊन ती पुन्हा तुमच्या घरच्यांची चौकशी सुरू करते.

डाव्या हाताला खांदेरीचं दीपगृह मागे पडतं आणि मोकळ्या दर्यावर बोट डुलायला लागते. तासाभरात तुम्हाला बोट लागते. पोटात कालवतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. इथे माणसं तुम्हाला एकटं सोडत नाहीत. एक आजी लिंबू कापून नाकाशी धरते, कुणी आल्याचा तुकडा देतं, कुणी आमसूल चघळायला लावतं. दाढीवाला खलाशी जाताजाता थांबून सांगतो, ‘‘खाली बघू नका, लांब जमिनीकडे बघत राहा.’’ तो कोकणी मुसलमान आहे. त्याचा बाप जहाजावर, आजाही जहाजावर होता. या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुसलमान घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सारंग, सुकाणी, खलाशी असं होऊन समुद्र पोसला आहे. तो तुमच्या शेजारी उकिडवा बसून किनाऱ्यावरची नावं सांगू लागतो, हा जंजिरा, ती श्रीवर्धनची बाजू. तुमचं पोट ठिकाणावर येतं ते आमसुलाने की त्या नावांनी, सांगता येणार नाही. आणि हो, पाण्याचा तांब्याही आला आहे. आजीने गाव विचारलं होतं, आडनाव विचारलं नाही.

दुपार कलताना हर्णै येतं. सुवर्णदुर्गाची तटबंदी पाण्यातून वर आलेली दिसते. बोट किनाऱ्याला लागत नाही, दूर नांगर टाकते, आणि किनाऱ्यावरून पडाव निघतात. या प्रवासात सगळ्यात लक्षपूर्वक काही पाहायचं असेल तर ते हे. पडाव बोटीला भिडतो खरा, पण लाटेबरोबर कधी पुरुषभर खाली जातो, कधी दारापर्यंत वर येतो. तो वर आला त्या क्षणी पाय टाकायचा. आधी टाकला तरी घात, नंतर टाकला तरी घात. खालून पडाववाले ओरडतात, ‘‘आत्ता! टाक पाय!’’ म्हातारीला दोघे दंडाला धरून उतरवतात. बोचकी फेकतात. आणि तान्ही पोरं हातोहात जातात, बोटीवरच्या हातातून मधल्या खलाशाच्या हातात, तिथून पडावातल्या कुणा अनोळखी बाईच्या कुशीत. डेकच्या टोकाला बसलेलं ते कुटुंब इथेच उतरतं. त्यांचं पोर घ्यायला सकाळी पथारी सरकवणारा माणूसच सगळ्यांत पुढे वाकलेला असतो, कारण लाट कुणासाठी थांबत नाही. तेवढ्याने त्याचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. पण ते पोर त्याच्या हातांतून गेलं, आणि आईने खालून वर बघत त्याला हात जोडले, एवढं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पुढे किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की पडाववाले उतारूंना खांद्यावर घेऊन वाळूत सोडतात.

दाभोळला चिपळूणकर उतरतात. त्यांना पुढे वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत जायचं आहे. जयगड येतं तेव्हा दिवा लागलेला असतो.

अंधार पडल्यावर शिदोऱ्या सुटतात. आता कुणी कुणाला विचारत नाही. तुमच्यापुढे वर्तमानपत्राच्या कागदावर चपाती, लसणीची चटणी, उसळ, कुणाच्या तरी डब्यातला सुकटीचा कोरडा झुणका येऊन पडतो. तुम्ही मुंबईहून आणलेली बिस्किटं पोरांत वाटता आणि लगेच पोरं तुमची होतात. जेवणं उरकली की कुणीतरी पेटाऱ्यातून टाळ काढतो. चाळीतल्या भजनी मंडळाची चार डोकी एकाच बोटीवर आली, की भजन व्हायचंच. मृदंग नाही, म्हणून एक जण ट्रंकेवर ठेका धरतो. इंजिनाच्या धडधडीत आवाज बुडतो आणि पुन्हा वर येतो. प्रवासाचा आनंद कशाला म्हणतात असं मला कुणी विचारलं, तर मी स्थळांची यादी देणार नाही, या ट्रंकेवरच्या ठेक्याकडे बोट दाखवीन. मुंबईत हीच माणसं साच्यांच्या खडखडाटात आठ तास एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

रत्नागिरी जवळ येते तसा टाळ वाजवणारा तो गिरणीकामगार तुमच्याजवळ सरकतो. त्याला इथे उतरायचं आहे. तो कापडात शिवलेलं एक पुडकं तुमच्या हातात ठेवतो. ‘‘तुम्ही मालवणचे ना? हे माझ्या खात्यातल्या सोबत्याचं. त्याला रजा नाही मिळाली. मालवणला उतरणाऱ्या कुणाच्या तरी हाती दे, म्हणाला. आईला द्यायचं. आणि निरोप सांगायचा, गणपतीक येतलंय.’’ नाव आणि वाडी तो दोनदा वदवून घेतो. तुम्ही कोण, याची पावती नाही, चिठ्ठी नाही. आत पैसे आहेत हे हाताला कळतं.

तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे. याच वर्षी 14 ऑगस्टला मुंबईच्या गिरण्यांत बोनससाठी संप सुरू होईल आणि दोन महिने चालेल. गणपती त्या संपातच येतील. तुमच्या तोंडाशी येतं की त्याला सांगावं, चार पैसे गाठीला ठेव. पण भोंगा झाला आहे, पडाव बोटीला भिडला आहे, आणि तो ट्रंक डोक्यावर घेऊन लाटेकडे बघत उभा आहे. ‘‘जपून,’’ एवढंच तुम्ही म्हणता. उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीसाठी आंब्याच्या पेट्यांनी भरलेले दुसरे पडाव अंधारात थांबलेले असतात, त्यांचा वास डेकवर येतो.

विजयदुर्ग, देवगड झोपेत जातात. आजीचा हात झोपेत तुमच्या उशाशी येऊन पडतो. तुम्ही पुडकं पोटाशी धरून ठेवलं आहे.

पहाटे मालवण. खडकांतून वाट काढणारे पडाव, पलीकडे सिंधुदुर्गाचा तट. यावेळी पाय कधी टाकायचा ते तुम्हाला कळतं, इतकंच नव्हे, तर मागच्या बाईचं पोर घ्यायला तुमचे हात न सांगता वर जातात.

वाडी शोधायला वेळ लागत नाही. पहिल्याच माणसाने अर्ध्या रस्त्यापर्यंत पोचवलं, पुढचा अर्धा त्याच्या मेहुणीने. म्हातारी अंगणात पातेरा झाडते आहे. मुलाचं नाव काढताच झाडू हातातून सुटतो. पुडक्याकडे ती बघतही नाही. ‘‘कसो आसा माझो झील? बारीक झालो काय? खोकता काय अजून?’’ तुम्ही त्याला कधी पाहिलेलंही नाही. खरं सांगता, की पुडकं रत्नागिरीच्या माणसाने दिलं. मग ती त्या माणसाबद्दल विचारते, तो बरा दिसत होता का, त्याच्या अंगावर चांगला सदरा होता का. त्याच्यावरून ती आपल्या मुलाचा अंदाज बांधते आहे. निरोप तुम्ही जसाच्या तसा सांगता. ती बोटांवर महिने मोजते.

‘‘जेवल्याशिवाय जावचा नाय,’’ म्हणून ती तुम्हाला पडवीत बसवते. उकड्या तांदळाची गरम पेज येते, खारातली कैरी येते, चुलीत भाजलेला सुका बांगडा येतो. तुम्ही जेवत असताना आत डबे वाजतात. ती दोन गाठोडी घेऊन बाहेर येते, एकात आमसुलं, दुसऱ्यात कुळथाची पिठी, आणि शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारते. त्याच्याकडून लालबागच्या खोलीचा पत्ता कागदावर लिहून घेते, दोनदा वाचून दाखवायला लावते आणि कागद तुमच्या खिशात कोंबते.

‘‘परत कधी जातलंस? बोटी बंद होवच्या आधी जा. ह्या तेका दी, नि ह्या तुझ्या घराक.’’