पहिली ओळ कोणाची?

मुंबईत फोर्टमधल्या एका तिकीट एजन्सीत मी १९९६ ते २००५ अशी नऊ वर्षे काढली. समोर काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे. गिऱ्हाईक म्हणे, "येत्या गुरुवारी मस्कत." मी तारीख आणि दोन्ही शहरांची तीन-तीन अक्षरे टंकली, की पडद्यावर विमानांच्या सहा-सात ओळी उमटत. पुढच्या ओळी पाहायच्या तर आणखी दोन अक्षरे टंकावी लागत. ती दोन अक्षरे मी दिवसातून किती वेळा टंकत होतो, हे आज कोणी विचारले तर मान खाली घालावी लागेल.

रत्नागिरीकडचा एक तरुण पहिल्यांदाच आखातात नोकरीला निघाला होता. त्याला मी पहिल्या ओळीतले विमान दिले. जागा होती, वेळ सोयीची होती. त्या पडद्यावर भाडे दिसत नसे. ते एकेका कंपनीचे वेगळी आज्ञा देऊन काढावे लागे. वर्षभराने सुट्टीवर आला तेव्हा परतीची तारीख पक्की करायला तो आमच्याकडेच आला. बोलता बोलता म्हणाला, त्याच दिवशी निघालेल्या त्याच्या गाववाल्याला दुसऱ्या एजंटाने पावणेदोन हजारांनी स्वस्त तिकीट दिले होते. "साहेब, तेव्हा ते विमान नव्हतं का?" मी काहीतरी पुटपुटलो. संध्याकाळी तोच मार्ग पुन्हा काढून पाहिला. ते विमान होते. दुसऱ्या पडद्यावर, वरून तिसऱ्या ओळीत.

मला कोणी लाच दिली नव्हती, कोणी दडपणही आणले नव्हते. तरीही एका कंपनीचा फायदा आणि एका माणसाचा तोटा माझ्या हातून झाला होता. आज गूगलच्या क्रमवारीत राजकीय किंवा व्यापारी पक्षपात असतो का, हा वाद रंगतो तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक तो प्रश्न जणू कालच जन्मला अशा थाटात बोलतात. मला मात्र त्याचे मूळ त्या हिरव्या ओळींत दिसते, आणि तो इतिहास सांगावासा वाटतो.

१९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात स्मिथ आडनावाचे दोन गृहस्थ शेजारी-शेजारी बसले. एक अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ, दुसरे आयबीएमचे विक्रेते ब्लेअर स्मिथ. त्या गप्पांतून पुढे 'सेबर' ही संगणकीय आरक्षण यंत्रणा उभी राहिली आणि १९६४पर्यंत ती पूर्ण चालू झाली. १९७६पासून अमेरिकन एअरलाइन्सने तिचे पडदे थेट ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलांवर नेऊन ठेवले. युनायटेड एअरलाइन्सने आपली 'अपोलो' यंत्रणा तशीच पसरवली. दोन्ही पडद्यांवर सगळ्याच कंपन्यांची विमाने दिसत. एजंटाला आणखी काय हवे?

पण ओळी लावायच्या म्हणजे कोणती वर आणि कोणती खाली हे कोणीतरी ठरवायचेच. अमेरिकन एअरलाइन्सने एजंटांच्या सवयी तपासल्या तेव्हा आढळले की निम्म्याहून अधिक वेळा एजंट अगदी पहिल्या ओळीतले विमान निवडतात आणि दहापैकी नऊ वेळा पहिल्या पडद्यापलीकडे जातच नाहीत. (हे मी प्रथम वाचले तेव्हा कोणी माझ्याच खुर्चीमागे उभे राहून मोजणी केली असावी असे वाटले.) मग क्रम लावण्याच्या सूत्रात हळूहळू हात फिरू लागला. प्रवासाच्या वेळेला किती वजन, मधल्या थांब्याला किती, ही गणिते अशी बसवायची की आपली विमाने आपोआप वर यावीत. १९८१च्या अखेरीस न्यूयॉर्क एअर या छोट्या कंपनीने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून डेट्रॉइटला विमाने सुरू केली. थोड्याच दिवसांत ती पडद्याच्या तळाशी गेली, आरक्षणे आटली आणि रोजच्या आठ फेऱ्या शून्यावर आल्या.

याबद्दल सुनावणी झाली तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी काही लपवले नाही. आमची विमाने वर दाखवता यावीत म्हणूनच तर आम्ही ही यंत्रणा उभारली, असा त्यांच्या म्हणण्याचा सरळ अर्थ होता. मला या माणसाचा राग येत नाही. पुढच्या चाळीस वर्षांत या धंद्यातल्या कोणी इतके स्वच्छ बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. सरकारला मात्र ते पटले नाही. १९८४ साली तिथल्या सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्डाने नियम केला, की विमान कोणत्या कंपनीचे आहे हे पाहून क्रम लावता येणार नाही.

नियम आला तशी पळवाटही आली. मध्ये विमान बदलायचे असेल आणि दोन्ही विमाने एकाच कंपनीची असतील, तर अशा जोडीला क्रमवारीत वरचे स्थान मिळे. मग मोठ्या कंपन्यांनी छोट्यांशी करार करून त्यांच्या विमानांवर आपलीच सांकेतिक अक्षरे लावली. त्यातून आणखी एक युक्ती निघाली. एकच विमान दोन-तीन कंपन्यांच्या नावाने दोन-तीनदा दाखवायचे, म्हणजे पहिल्या पडद्यावरची जागा भरून जाते आणि प्रतिस्पर्धी आपसूक दुसऱ्या पडद्यावर ढकलला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तीन ओळी, तीन क्रमांक, सुटण्याची वेळ एकच. गिऱ्हाईकाला वाटे, केवढी निवड आहे!

त्याच काळात, एप्रिल १९९८मध्ये, स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी, सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज, यांनी ब्रिस्बेनच्या परिषदेत आपल्या नव्या सर्च इंजिनवर निबंध सादर केला. त्याचे परिशिष्ट मुळातून वाचण्यासारखे आहे. जाहिरातींवर जगणारे सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. त्यांच्या यंत्रात 'सेल्युलर फोन' शोधले की वर येई तो गाडी चालवताना फोन वापरण्याच्या धोक्यावरचा अभ्यास. फोन कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या इंजिनाला असे उत्तर वर दाखवणे जड जाईल, हा त्यांचा मुद्दा. अडीच वर्षांनी, ऑक्टोबर २०००मध्ये, गूगलने 'अ‍ॅडवर्ड्‌स' सुरू केले.

त्या वेळी दुसरा मार्गही समोर होता. १९९८मध्येच बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम'ने क्रमवारीचा उघड लिलाव मांडला होता. जो जास्त पैसे देईल तो वर, आणि प्रत्येक निकालाशेजारी त्याने किती पैसे बोलले तेही छापलेले. लोकांनी नाके मुरडली. आज वाटते, त्या आकड्यात एक प्रामाणिकपणा होता.

कायद्यापुढे प्रश्न आला तो वेगळ्याच रूपात. 'सर्च किंग' नावाच्या कंपनीचा गूगलमधला दर्जा एकाएकी घसरला आणि ती न्यायालयात गेली. २००३मध्ये ओक्लाहोमाच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला, की असा दर्जा म्हणजे गूगलचे मत आहे आणि मतस्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण आहे. तर्क बिनतोड आहे. फक्त तोच लावला तर क्रँडल यांचा पडदासुद्धा एक मतच होते. वीस वर्षांच्या अंतराने एकाच देशाने एकाच प्रकारच्या यादीला एकदा सेवा मानले आणि एकदा भाषण.

युरोपने सेवा मानली. २७ जून २०१७ रोजी युरोपीय आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. वस्तूंच्या किमतींची तुलना करणारी गूगलची स्वतःची सेवा पानाच्या माथ्यावर चौकटीत दिसे. प्रतिस्पर्धी सेवांना खाली ढकलणारी सूत्रे तिला लागूच नव्हती. सर्वांत वर आलेला प्रतिस्पर्धीसुद्धा सरासरी चौथ्या पानावर सापडे. दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाला साधारण एक टक्का लोक टिचकी मारतात, असे आयोगानेच नोंदवले आहे. चौथ्या पानाचे काय सांगावे! सप्टेंबर २०२४मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दंड कायम केला. तेव्हा व्यापारी पक्षपाताचा प्रश्न, निदान या बाबतीत, मी मिटलेला समजतो.

राजकीय पक्षपाताचे तसे नाही. चीनमध्ये तो सरकारी हुकूमच आहे. २००६ साली गूगलने तिथे सेन्सॉर मान्य करून दुकान मांडले आणि मार्च २०१०मध्ये शोध हाँगकाँगकडे वळवला. लोकशाही देशांतला आरोप पुराव्याला कमकुवत निघतो. ऑगस्ट २०१८मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्याविषयीच्या बातम्यांचे निकाल मुद्दाम फिरवलेले आहेत असे जाहीर केले. पुढच्या वर्षी 'द इकॉनॉमिस्ट'ने तपासले तेव्हा डावीकडे झुकाव आढळला नाही; विश्वासार्ह वृत्तपत्रे वर येत होती. त्याआधी, २००३मध्ये, 'मिझरेबल फेल्युअर' शोधले की जॉर्ज बुश यांचे चरित्र वर येई, पण तो उद्योग गूगलचा नव्हता. बाहेरच्यांनी ठरवून दुवे जोडून घडवलेला तो खोडसाळपणा होता.

तरी एक अभ्यास मला अस्वस्थ करतो, आणि तो आपल्याच मतदारांवरचा आहे. २०१४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी रॉबर्ट एपस्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांनी मत न ठरलेल्या २,१५० भारतीय मतदारांना शोधाचे बनावट निकाल दाखवले. काहींना मोदींना अनुकूल पाने वर, काहींना राहुल गांधींना, काहींना केजरीवालांना. मते हलली, आणि बहुतेकांना यादीत काही काळेबेरे आहे याचा पत्ताही लागला नाही. असे कोणी खऱ्या निवडणुकीत केले, हे यातून सिद्ध होत नाही. एपस्टाइन यांचे पुढचे काही दावे मला अतिरंजित वाटतात. पण कोणी केलेच तर ते कळणार कोणाला? मी ज्याला तिकीट विकले त्याला निदान गाववाला भेटला. शोधाचा निकाल ज्याच्या त्याच्या फोनवर येतो, आणि तो दुसऱ्याच्या निकालाशी ताडून पाहण्याची कोणाला सवय नाही.

अमेरिकेतला विमानांच्या पडद्यांचा नियम, आता इंटरनेट आले, स्पर्धा वाढली, या कारणाने मोडीत काढला गेला. क्रमवारीतल्या पक्षपातावरची बंदी ३१ जुलै २००४ रोजी संपली. त्यानंतर तीन आठवडे व्हायच्या आत गूगलचे शेअर बाजारात आले. योगायोगच, पण मी तो वहीत लिहून ठेवला आहे.

त्याच वहीत फेब्रुवारी २०१८ची एक नोंद आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. तक्रारदार दोन: भारत मॅट्रिमनी चालवणारी कंपनी आणि जयपूरची कट्स ही ग्राहक संस्था. सगळ्या तक्रारी टिकल्या नाहीत आणि सहापैकी दोन सदस्यांनी निकालाशी असहमती नोंदवली. जे मोजके आरोप मान्य झाले त्यांतला एक वाचून मी चश्मा काढून ठेवला. दोन शहरांमधली विमाने शोधली की गूगल पानावर ठळक जागी एक चौकट दाखवी, आणि ती चौकट माणसाला गूगलच्याच विमानशोधाच्या पानाकडे नेई.