शिवसुमन : ओळख आणि वर्णन

शिवसुमन ही छोटी, मांसल खोडाची वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कड्यांवर नैसर्गिकरीत्या वाढते. स्थानिक नाव शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, कूळ रुईचे.

नाव : स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६० च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. शिवछत्रपतींच्या जन्मस्थानी, शिवनेरीवर, ती आढळते म्हणून 'शिवसुमन' हे नाव रूढ झाले. सज्जनगडाच्या कड्यावरही ती आहे.

वर्णन : खोड गोल, गुळगुळीत, बोटाएवढे जाड असून खडकाच्या फटीतून खाली लोंबते. पावसाळ्यात त्याला जाडसर, लांबट पाने येतात. कोरड्या दिवसांत ती गळतात आणि खोडावर फक्त वण उरतात. पावसाळा सरताना पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी, सुमारे दोन सेंटिमीटरची फुले येतात. रंग गर्द तांबडा, त्यावर पिवळे ठिपके. शेंगांतील बियांना रुईसारखा रेशमी झुबका असतो. फटीतील मूठभर मातीवर वाढ सावकाशच होते.

फरक कसा ओळखावा : थोरालाही पावसाळ्यात पाने येतात, पण थोराला काटे असतात, शिवसुमनाला नसतात. माकडशिंग ही तिची जवळची नातलग. तिचे खोड चौधारी असते आणि पाने जवळजवळ नसतातच. म्हणजे काटे नाहीत, धारा नाहीत आणि पावसाळ्यात पाने आहेत, एवढे पाहिले तरी पुरे. फांदी मोडून पाहायची गरज नाही.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी गडाच्या सहलीत आम्हीच कौतुकाने एक फांदी तोडून घरी आणली. कुंडीत लावली, रोज पाणी घातले. पंधरा दिवसांत ती कुजली. नोकरीत आम्ही आयुष्यभर मुद्दल सांभाळायला सांगितले आणि इथे मात्र मुद्दलालाच हात घातला. आधीच मोजक्या कड्यांवर उरलेल्या या वनस्पतीला चराई, दरडी आणि हौशी हात हे तिन्ही धोके आहेत.

मंडळाच्या सहलीला गडावर जाल तेव्हा मुलांना शिवसुमन जरूर दाखवा. फोटो घ्या, फांदी मात्र कड्यावरच राहू द्या.